बुडीत मजुरी

आमच्या कक्षात एखादं मूल रडत आलं की मला बरं वाटायचं. रडायला ताकद लागते. ज्याच्या अंगात रडण्याइतकी ताकद आहे, त्याला वाचवायला आम्हाला वेळ मिळतो. धास्ती वाटायची ती न रडणाऱ्या मुलाची. आईच्या खांद्यावर मान टाकलेली, डोळे उघडे, पण ते कशावरच लागलेले नाहीत, सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. असं मूल आलं की बाकीच्या आयांच्या गप्पासुद्धा आपोआप बंद पडायच्या.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, कुपोषित मुलांच्या कक्षात मी नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं काढली. आता निवृत्त झाले. लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, "सिस्टर, तिथे तुम्ही नेमकं काय करायचात? खाऊच घालायचं ना मुलांना?"

हो, खाऊच घालायचं. पण उपाशी पोटात एकदम भरपूर अन्न गेलं तर ते मूल दगावू शकतं, हे समोरच्याला माहीत नसतं. आतडी आळसावलेली असतात, काळीज थकलेलं असतं. म्हणून दूध, साखर आणि थोडं तेल घालून केलेलं पातळ दूध ठरावीक वेळाने, रात्रंदिवस, वाटी-चमच्याने थोडं थोडं द्यायचं. अंग गार पडू द्यायचं नाही. मूल आईच्या उघड्या छातीशी बांधायचं, वरून गोधडी, डोक्याला टोपडं. त्यातून एक पंचाईत असायची. पुष्कळ मुलांच्या अंगावर सूज असते, ती ओसरली की वजन आधी घटतं. आई काट्याकडे बघायची आणि म्हणायची, इथे आणलं आणि पोर आणखीच वाळलं. अशा वेळी तिला थांबवून धरणं हेच आमचं खरं काम. औषधपाणी त्या मानाने सोपं.

सरकार देत नव्हतं असं कोणी म्हणू नये. खाट, दूध, औषध, आईचं दोन वेळचं जेवण, यायला-जायला गाडी, सगळं फुकट. शिवाय आई जितके दिवस मुलाजवळ राहील तितक्या दिवसांची बुडीत मजुरी तिच्या खात्यात जमा व्हायची. बुडीत मजुरी हा शब्द ज्या कोणा साहेबाला सुचला, त्याचं मला कौतुक वाटतं. आई दवाखान्यात बसली की तिकडे तिचं काही बुडतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. फक्त काय काय बुडतं, हे त्याला बसल्या जागेवरून पुरतं दिसलं नसावं.

एकदा मोलगीकडच्या डोंगरातून एक बाप मुलाला घेऊन आला. बायकोच्या अंगावर तान्हं होतं, म्हणून हाच आला. खोलीभर आया आणि त्यांच्यात हा एकटा मिशीवाला. पहिले काही दिवस तो व्हरांड्यात तोंड फिरवून बसायचा आणि दुधाच्या वेळेला आत येऊन, चोरी केल्यासारखा मुलाला भरवून बाहेर जायचा. पण मूल त्याच्याच हातून प्यायचं. पुढे पुढे दुसरी आई कंटाळली की तिचंही पोर याच्या मांडीवर. जाताना सगळ्या बायकांनी त्याला दारापर्यंत पोहोचवलं. असे दिवस होते म्हणून नोकरी झेपली.

आता सायसीचं सांगते.

पण त्याआधी माझ्या माहेराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. माझं माहेर तापीकाठच्या सपाटीवरचं. जमीन काळी, पाण्याची. धाकटा भाऊ रमेश शेती बघतो. केळी, पपई आणि मुख्य पीक मिरची. दिवाळीच्या सुमाराला लाल मिरची तोडायला येते आणि ती वाळवायला मोकळ्या जागेवर पसरतात. त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. दुरून बघितलं तर जमिनीला लाल चादर घातल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की नाकाडोळ्यांतून पाणी येतं. तोडणीला माणसं येतात ती सातपुड्यातून. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातली कुटुंबं खापर नाहीतर तळोद्याहून जीपने खाली उतरतात आणि हंगामभर वावरातच राहतात.

रमेश माझ्यावर नेहमी चिडलेला असायचा. म्हणजे माझ्या नोकरीवर. "अक्का, तुम्ही धान्य फुकट देतस, दवाखाना फुकट, वर मजुरी बी देतस. मंग आमना वावरमा कोन येई?" दर भाऊबीजेला ताटावर बसून हेच. मी म्हणायची, "येतस ना तरी?" ती माणसं येत होतीच. धान्य होतं, दवाखाना होता, तरी डोंगर उतरून येत होती. नुसत्या धान्यावर भागत असतं तर पोराबाळांना घेऊन कोण उघड्यावर राहील?

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सायसी आली. सायसी पावरा, अंगाने काटकुळी, वय पंचविशीच्या आतबाहेर. मुलगी सव्वा वर्षाची, नाव रोशनी. गावच्या आशाताईने दंडाचा घेर मोजला तेव्हा पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणून पाठवलेली. रोशनी न रडणाऱ्यांतली होती. पाय सुजलेले, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. तळवे गार.

आमच्या कक्षात फुलीमावशी म्हणून एक मदतनीस होत्या, डोंगरातली पावरी बोलीच बोलणाऱ्या. माझं मराठी त्या आयांना सांगायच्या, आयांचं मला. सायसी मात्र फुलीमावशींशीही फार बोलायची नाही. दूध सांगितल्या वेळेला भरवायची. मूल छातीशी बांधून बसायची. एकदा मी विचारलं, घरी आणखी कोण? तेव्हा मोठा मुलगा आहे, बापाजवळ आहे, एवढंच म्हणाली. बाप कुठे, तर कामाला. कुठे कामाला, तर खाली. "खाली" म्हणजे सगळं जग.

रोशनीची सूज उतरली. एका दुपारी मी औषध देताना तिने माझ्या घड्याळाला हात घातला आणि मी तो सोडवला तर भोकाड पसरलं. सगळा कक्ष हसला. सायसीही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. पण लगेच पुढे जुलाब सुरू झाले. अशा मुलांचं हेच असतं. एक पाऊल पुढे पडलं म्हणावं तर तोल जातो. डॉक्टरांनी औषध बदललं आणि मला बजावलं, हिला आता काही दिवस अजिबात हलू देऊ नका.

भाऊबीजेच्या दिवशी मी सकाळची पाळी करून दुपारी माहेरी जाणार होते. सकाळी कक्षात शिरले तर सायसीची खाट रिकामी. गोधडी घडी करून पायथ्याशी ठेवलेली. वाटी-चमचा धुऊन पालथा घातलेला. रोशनीचं टोपडं मात्र उशाशी राहिलेलं.

ते टोपडं मी हातात घेतलं. जुलाब थांबलेले नव्हते. अशा मुलाला दूध वेळेवर मिळालं नाही की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं आणि ते झोपल्यासारखं दिसतं. आईला वाटतं, झोपलंय, झोपू दे.

आशाताईला फोन लावला. ती वर जाऊन घर बघून आली, कुलूप होतं. खापरच्या जीपवाल्याला ओळखत होते, त्याला विचारलं. अशी बाई वर गेली नाही म्हणाला. मी बसस्टँडवर शिपायाला पाठवलं. तेवढ्यात माझा भाचा निखिल दारात उभा. रमेशचा हा मुलगा स्वीडनमध्ये नोकरीला. कंपनीची सुट्टी काढून दिवाळीला आलेला आणि आत्याला न्यायला गाडी घेऊन आलेला.

"आत्या, आवरलं का? सगळे वाट बघतायत."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फुलीमावशींना म्हटलं, "तुम्हाला काही बोलली असेल ती. आठवा ना."

फुलीमावशींनी निखिलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. "सिस्टर, बोलली होती. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"काय?"

"तिचा नवरा तुमच्या भावाच्याच वावरात आहे. मिरचीला. विहिरीजवळची खोली त्यांना दिली आहे. जोडी असेल तर खोली, एकटा असेल तर नाही. दुसरी जोडी येऊन बसली आहे, असा निरोप आला तिला. मोठा पोरगा आहे ना खोलीत. तो कुठे राहील?"

म्हणजे सायसीला पहिल्यापासून माहीत होतं, मी मालकाची बहीण आहे ते. इतके दिवस माझ्या हातचं औषध घेत होती आणि कुठे कामाला विचारलं की "खाली" म्हणत होती. मी मालकाकडे काही बोलेन आणि खोली जाईल, ही भीती तिने माझ्यासमोर बसून तोंडात धरून ठेवली होती.

मी साखर, पाण्याची बाटली, चमचा आणि टोपडं पिशवीत टाकलं. डॉक्टरांना सांगितलं आणि गाडीत बसले. निखिलला म्हटलं, "घरी नाही. वावरात."

आभाळ सकाळपासूनच काळं होतं. दिवाळीत ढग आले की आमच्या पट्ट्यात शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो. वाळत घातलेली मिरची भिजली की काळी पडते, तिला बुरशी येते. रस्त्याने जागोजाग पथाऱ्यांवर माणसं धावत होती. ताडपत्र्या ओढल्या जात होत्या. निखिल गाडी जोरात चालवत होता आणि मी त्याला आणखी जोरात म्हणत होते. डोक्यात हिशेब एकच. शेवटचं दूध पहाटे घेतलं असेल तर किती वेळ झाला, आणि घेतलंच नसेल तर?

वावराच्या बांधावर रमेश उभा होता. आवाज बसलेला, डोळे लाल. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं.

"अक्का? तू आठे? घर जायनं सोडीसन वावरमा काय?"

"सायसी कोठे शे?"

"कोन सायसी? आठे इतल्या बाया शेतस. ढग दख ना. पानी उनं ते सगळा माल सडी जाई."

मी त्याला बाजूला सारून पथारीकडे निघाले. बायका ओळीने वाकून मिरची गोळा करत होत्या. तोंडाला फडकी बांधलेली, त्यामुळे सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी मोठ्याने हाक मारली, "सायसी! रोशनी कुठे आहे?"

एक बाई थबकली. फडक्यावरचे डोळे ओळखीचे. तिने हात वर करून निंबाच्या झाडाकडे दाखवलं.

झाडाला साडीची झोळी बांधलेली होती. शेजारी पाचेक वर्षांचा मुलगा झोका देत बसला होता. मला म्हणाला, "झोपी गेली."

झोळीतून तिला उचललं तेव्हा मान मागे पडली. हात-पाय गार. ओठ कोरडे. मी नाकाजवळ गाल नेला, श्वास होता. पापणीला बोट लावलं, हलली. पण रडली नाही. परवा-परवा घड्याळासाठी घर डोक्यावर घेणारी पोर, आज रडली नाही.

सायसी धावत आली. मी म्हटलं, "हात धू. कोपरापर्यंत धू, मिरची आहे हाताला. आणि छातीशी घे." निखिलने बाटलीतल्या पाण्यात साखर विरघळवली. घाईत निम्मी साखर मातीत गेली. मी चमच्याने गालाच्या आतल्या बाजूला थेंब सोडला. थांबले. ती गिळते का बघितलं. गिळलं. दुसरा थेंब. वर मिरचीची धूळ, सगळे ठसकत होते, आणि आम्ही तिघं त्या एवढ्याशा गळ्याकडे बघत होतो.

रमेश मागे येऊन उभा राहिला. "काय व्हयनं?"

"हिले आते दवाखानामा लई जानं शे. हिन्ही माय बी येई."

त्याने आभाळाकडे बघितलं. "अक्का, मी तिले बलायं नही. ती सोताच सकाये उनी. पोर आजारी शे हाई माले काय माहीत?"

सायसी कामावर शिकलेल्या तोडक्या मराठीत बोलली. मला वाटतं सरळ रमेशशी ती पहिल्यांदाच बोलली असेल. "मालक, मी गेली तर खोली?"

त्याने झाडापलीकडे बघितलं. तिथे दुसरं एक जोडपं बोचकी घेऊन बसलेलं मला तेव्हा दिसलं. तीही माणसंच होती. त्यांच्याही बरोबर एक लेकरू होतं.

निखिल म्हणाला, "पप्पा, सांगा ना तिला, खोली राहील म्हणून."

"अन् हाई दुसरी जोडी? तिले पावसामा बसाडू का?"

"पप्पा, मला मुलगी झाली तेव्हा मी कितीतरी महिने घरी बसलो. पगार मिळत होता. माझी नोकरी कोणी दुसऱ्याला दिली नाही, की घरातून काढलं नाही. तुम्हीच सगळ्या गावात सांगत होता."

रमेशचा चेहरा उतरला, मग तापला. "ते सरकारनी दिनं तुले! मी काय सरकार शे का? मन्हा माल भिजी ऱ्हायना, तो कोन भरी देई?"

खोटं नव्हतं ते. समोर त्याचं वर्षाचं पीक पसरलेलं होतं आणि पहिला गार वारा सुटला होता. पण माझ्या हातातला चमचा रिकामा झाला होता आणि मला बोलायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "रमेश, भांडण मंग कर. पोर गार पडी ऱ्हायनी."

त्याने पहिल्यांदाच खाली वाकून रोशनीकडे नीट बघितलं. मग त्याने निखिलच्या हातातून किल्ली घेतली. "गाडीमा बसा. निखिल, तू आठे थांब. ताडपत्री वढ." आणि सायसीला म्हणाला, "खोली तुन्हीच शे."

मोठ्या मुलाला त्याच्या बापाजवळ सोडून आम्ही निघालो. सायसी मागच्या सीटवर, पदराच्या आत पोर, वरून माझी शाल. मी शेजारी चमचा धरून. पाऊस सुरू झाला. रमेश एरवी गाडी चालवताना सारखा बोलतो, तेव्हा मात्र थोड्या थोड्या वेळाने आरशात बघून एवढंच विचारायचा, "श्वास चाली ऱ्हायना ना?" मी हो म्हणायची. दर वेळी हो म्हणण्याआधी मला बघून खात्री करावी लागायची आणि तेवढ्या क्षणात त्याचा पाय आपोआप गाडी हळू करायचा. मी ओरडायची, "आरसा नको दखू, रस्ता दख!" पुढच्या वळणावर परत तोच प्रश्न.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी वळली आणि शालीतून बारीक आवाज आला. मांजरीच्या पिलासारखा. मग जरा मोठा. रोशनी रडत होती. सायसीने माझा दंड असा घट्ट पकडला की पुढे दोन दिवस तिथे मिरचीची आग होत होती. हात धुऊनही ती गेली नव्हती.

डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली. ती रात्र आम्ही धाकधुकीत काढली आणि सकाळी तिने दूध मागितलं. भाऊबीजेचं ओवाळणं राहूनच गेलं. रमेश व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता. अंगावरचा सदरा मिरचीच्या डागांनी लाल, त्यामुळे येणारा-जाणारा त्यालाच विचारायचा, अपघात कुठे झाला?

दुसऱ्या दिवशी निखिल मला भेटायला आला. मिरची निम्मी वाचली होती, निम्मी गेली होती. त्याचे हात सुजलेले, डोळे चोळून चोळून लाल. आम्ही चहा घेत होतो. तो म्हणाला, "आत्या, मला तिकडे सगळे विचारतात, तुमच्याकडे एवढी गरिबी कशी? मी त्यांना योजना सांगतो. धान्य, दवाखाना, हे सगळं. म्हणतो, आमचंही सरकार देतं."

"देतं की."

"हो. पण तिकडे माझ्या पगारात आणि बस चालवणाऱ्याच्या पगारात फार फरक नाही. कराच्या रूपाने माझ्याकडून भरपूर काढून घेतात. मुलं एकाच शाळेत जातात. पहिल्या वर्षी मला वाटलं, इथे सगळे सारखेच. मग भाड्याचं घर शोधायला लागलो तेव्हा कळलं. ज्यांच्या आजोबांच्या इमारती, त्यांच्याच इमारती. त्या तशाच राहतात. आणि ऑफिस झाडायला येते ती बाई दुसऱ्याच देशातून आलेली असते. ठेका संपला की ती दिसेनाशी होते. तिचं काय झालं, मी कधी विचारलं नाही."

मी त्याला काय सांगणार? मी खाऊ घालणारी बाई. पण त्याच्या मनात काहीतरी घर करून बसलं होतं. परत जाण्याआधी त्याने बापाला सांगितलं की मजुरांसाठी पक्क्या खोल्या बांधा, पैसे मी देतो.

रोशनी बरी होऊन गेली. कुठे गेली म्हणाल, तर वावरातच. हंगाम उरलेला होता. मी दर आठवड्याला जाऊन तिचं वजन करून यायची. रमेशने तेवढे महिने घरचं दूध तिला लावून दिलं होतं, हेही सांगायला हवं.

पुढच्या दिवाळीपर्यंत खोल्या उभ्या राहिल्या. ओळीने, पत्र्याच्या, पण भिंती विटांच्या. प्रत्येकीत दिवा, बाहेर नळ, संडास, आणि मुलांसाठी मोठी सावलीची जागा. रमेशने मला सगळं फिरून दाखवलं. मला भरून आलं होतं. आता जोडी असो की एकटा, खोली मिळणार होती. मग जेवताना तो सहज म्हणाला, "खोल्या दिन्यात, लाईट दिनी, पानी दिनं. आते मजुरी तितलीच कशी देसू? जराशी कमी कयी."

माझ्या हातातला घास हातात राहिला. तो वाईट हेतूने बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने हा सरळ हिशेब होता.

संध्याकाळी मी सायसीकडे गेले. रोशनी नळाखाली बसून अंगावर पाणी उडवत होती. गुटगुटीत नव्हती, पण टणक झाली होती. मी सायसीला म्हटलं, "खोली बरी आहे ना?"

"चांगली आहे." तिने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. "पण सिस्टर, खोली इथेच राहते. आम्ही जातो तेव्हा ती मालकाची. मजुरी आमच्याबरोबर घरी येते. ती कमी केली."

"मग? काय करणार?"

"बघू," ती म्हणाली. तिच्या "खाली" या शब्दासारखाच हा शब्द. त्यात काय काय असतं, ते बाहेरच्याला कळत नाही.

चार-सहा दिवसांत बरीचशी कुटुंबं गुजरातकडे ऊसतोडीला निघून गेली. सायसीचंही त्यांत होतं. तिकडे मजुरी जास्त होती, खोल्या नव्हत्या. मी गेले तेव्हा तिने खोली शेणाने सारवून ठेवली होती. रमेशला खूप लागलं ते. "इतलं दिनं, तरी गयात," तो म्हणत राहिला. मग त्याने मिरची कमी केली, केळी वाढवली, मिरची वाळवायचं यंत्र घेतलं. आता त्याला फारशी माणसं लागत नाहीत. मुलांसाठी केलेल्या सावलीत ट्रॅक्टर उभा असतो, आणि खोल्यांतून खताच्या गोण्या रचलेल्या आहेत.

मी आशाताईला अजून अधूनमधून फोन करते. सायसीचं कुटुंब पावसाळ्यात वर येतं, पेरणी करतं, परत जातं. एका वर्षी आलं नाही. कुठल्या कारखान्याच्या, कुठल्या वावरात असतील, तिथल्या दवाखान्यात कोणी पावरी समजणारी बाई असेल का, हे आशाताईलाही सांगता येत नाही. राज्याच्या सीमेपलीकडे आमची दंडाची पट्टी, आमचं दूध, आमची गाडी काहीच जात नाही. तिथे त्यांचं असेल. असेलच. पण खोकलणारं, जुलाब होणारं मूल घेऊन नव्या मुलखात दवाखान्याचं दार शोधत फिरणारी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

निखिल दर रविवारी फोन करतो. बापाची, शेताची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. खोल्यांचं काय झालं ते रमेशने त्याला सांगितलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. शेवटी फोन ठेवताना तो न चुकता विचारतो, "आत्या, ती रोशनी कशी आहे गं?"

"मोठी झाली असेल," मी म्हणते.